धम्मपालची एकच सही

आदिलाबाद जिल्ह्यात बेला गावाच्या बाजूला रंजीता दुर्गे कोण, असं विचारलं तर लोक क्षणभर अडखळतात; पण मोत्यासारखं अक्षर काढणारी टीचर म्हटलं की कोणीही हात धरून घरापर्यंत नेऊन सोडतं. जाता जाता हेही कानात सांगतं की बाई तोंडाने फटकळ आहे, जपून बोला. दोन्ही खरं आहे. चाळिशीला टेकलेली, अंगाने किरकोळ, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवते. त्या शाळेत दरसाल पोरं कमी होतात, कारण आदिलाबादच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या आता थेट गावात येऊन हॉर्न वाजवतात. उरलेल्या मूठभर पोरांकडून ती अक्षर असं गिरवून घेते, की मराठीची सगळी इज्जत जणू त्यांच्याच पाटीवर टांगलेली आहे. तिला एकदा किनवटला दिली होती. दोन वर्षांत परत आली. का आलीस म्हणून विचारणाऱ्यांना तिने “जमलं नाही” यापलीकडे चकार शब्द सांगितला नाही, आणि लोकांनीही पुढे विचारायचं सोडून दिलं.

या बाईचं सगळं दुःख पत्त्याच्या पानाएवढ्या एका पुठ्ठ्यात मावलं, असं सांगितलं तर ऐकणारा हसेल. हसू द्या. माणसाचा जीव कशात अडकेल याला काही धरबंध नसतो.

तिचा धाकटा भाऊ धम्मपाल कबड्डी खेळायचा. आधी शाळेच्या पटांगणात, मग बेल्लमपल्लीला खाण कामगारांच्या क्वार्टर्समागे भरणाऱ्या स्पर्धांत, मग जिल्ह्याकडून, आणि एके वर्षी थेट त्या मोठ्या लीगमध्ये, जी टीव्हीवर दिव्यांच्या झगमगाटात दिसते. एकच हंगाम, त्यातले निम्मे सामने बाकावर बसून. पण गावाला तेवढं पुष्कळ झालं. चौकात पडदा लावला होता. धम्मपाल बाकावर बसून नुसता पाणी प्यायला तरी लोक टाळ्या पिटायचे. हंगाम सरता सरता एका पकडीत त्याचं उजवं मनगट मोडलं आणि पोरगा कोपरापर्यंत प्लास्टर घालून घरी आला.

त्याच आठवड्यात कुरिअर आलं. लीगमधल्या खेळाडूंची कार्डं छापणारी एक कंपनी होती. लहानपणी च्युइंगगमसोबत क्रिकेटवाल्यांची चित्रं मिळायची तसलीच ही कार्डं, फक्त जाड, चकचकीत आणि मोठ्या माणसांनी जमवायची. कंपनीने दोनशे पारदर्शक स्टिकर पाठवले होते. खेळाडूने प्रत्येकावर सही करायची, स्टिकर परत पाठवायचे, मग कंपनी ते कार्डांवर चिकटवणार. आणि हे सगळं लगेच हवं होतं, कारण छापखाना कोणाच्या मनगटासाठी थांबत नाही.

“आता हे कसं करू, बाबा?” प्लास्टरचा हात उचलून धम्मपालने वडिलांना विचारलं.

“कसं करू म्हंजे? घरात आमी तिघं बसलो ना,” नागनाथ म्हणाले. मंडल कचेरीत, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि सहीला जन्मभर दस्तखतच म्हणत आले होते. “दस्तखत तर करायचं हाय. कुस्ती थोडीच खेळायची हाय.”

“पण ते माही सही मागून राह्यले.”

तेव्हा चंपाबाई, त्याची आई, चुलीपाशी बसल्या बसल्या बोलली. “अरे, पात मागं राह्यली तर बाकीच्यायनं ओढून नेयाची असते. त्यात काय एवढं?”

हे पात प्रकरण समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसती लबाडी वाटेल. चंपाबाई तरुणपणी दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, तण काढायला जायची. बाया ओळीने बसत, प्रत्येकीची एक पात, म्हणजे निंदत पुढे सरकायची तिची तिची पट्टी. कोणाचं लेकरू रडलं, कोणाला ताप भरला, तिची पात मागे पडायची. मग ज्यांची झाली त्या मागे फिरून तिची पुरी करायच्या. संध्याकाळी शेत निंदलेलं दिसलं म्हणजे झालं. कुठलं तण कोणाच्या हाताने निघालं हे शेतवालाही विचारत नसे. त्या घरात दोन पिढ्या असंच चाललं होतं. नाव काय, पात काय, मागे राहिलं तर घरच्यांनी ओढून न्यायचं. खोटं बोलतोय असं चौघांपैकी एकालाही वाटलं नाही, आणि मला विचाराल तर मलाही तो दोष द्यावासा वाटत नाही.

ओसरीवर चटई टाकून बैठक बसली. नागनाथांनी आधी कोऱ्या कागदावर चार सह्या करून पाहिल्या, आणि धम्मपाल पोट धरून हसला. “बाबा, ह्या सहीवर तर कोणाची बी जमीन कोणाच्या बी नावावर होऊन जाईन!” मग काम रंजीताकडे आलं. तिने देवनागरीत त्याचं नाव लिहिलं: ‘ध’ला एक मोठा डौलदार वळसा, आणि शेवटच्या ‘ल’चं शेपूट खाली ओढून नावाखाली लांबलचक रेघ. दोनशेच्या दोनशे. धम्मपाल उशीवर हात ठेवून शेजारी लोळत मुरमुरे खात होता आणि एकेक स्टिकर वाळवायला फुंकर मारत होता. “ताई,” तो म्हणाला, “मी एवढा चांगला दिसत बी नाही न लेहित बी नाही.” मार्करच्या वासाने सगळ्यांचं डोकं चढलं होतं. त्या घरात इतकं हसू पुन्हा कधी झालं नाही.

पुढच्या हंगामात धम्मपालला कोणत्याच संघाने घेतलं नाही. प्लास्टर निघालं, मनगटात थोडं वाकडेपण राहिलं. तो बेल्याला एकाचा मालवाहू टेम्पो चालवू लागला आणि संध्याकाळी पोरींना कबड्डी शिकवू लागला. मधे त्याने बहिणीने काढलेली सही शिकायचा मनापासून प्रयत्न केला. जमली नाही. त्याचं अक्षर शाळेत होतं तसंच राहिलं. ‘ध’ वाकलेल्या खिळ्यासारखा, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, आणि सगळं नाव उताराला लागल्यासारखं खाली घसरणारं.

एकदा हैदराबादला कार्डं जमवणाऱ्यांचा मेळा भरला, तिथे त्याला बोलावलं. मोठे खेळाडू परवडत नाहीत म्हणून अशा मेळ्यांत छोट्यांना बोलावतात, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तिथे कार्डांना दर्जा देणाऱ्या एका लहानशा कंपनीचं दुकान होतं. या कंपन्या कार्डाचे कोपरे, कडा, चकाकी तपासतात, सही खरी की खोटी ते बघतात, दहापैकी गुण देतात आणि कार्ड पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं सीलबंद करतात. त्यांच्यासमोर धम्मपालने एका कोऱ्या कार्डावर, स्टिकर-बिकर काही नाही, सरळ कार्डावरच निळ्या शाईने सही केली. स्वतःची. वाकड्या खिळ्याची. त्यांनी ती तिथल्या तिथे बंद केली आणि वरच्या पट्टीवर छापलं: सही आमच्यासमोर झाली आहे.

घरी येऊन त्याने डबी रंजीताच्या हातात ठेवली. “घे, ताई. तू माह्यासाठी दोनशे केल्या, मी तुह्यासाठी एक केली.”

दोन वर्षांनी, कडाक्याच्या थंडीत, त्याला कावीळ झाली. पिवळे डोळे घेऊन तो टेम्पो चालवत राहिला, आणि दवाखान्यात नेईतो फार उशीर झाला होता. चंपाबाईने त्यानंतर एक पावसाळा कसाबसा काढला आणि तीही गेली. नागनाथांचं शरीर टिकलं, पण डोकं हळूहळू रिकामं होत चाललं. आधी माणसांची नावं गेली, मग वर्षं, मग कोण जिवंत आणि कोण नाही याचा हिशेब. घर रंजीतावर येऊन पडलं.

तिने घर सगळं धुंडाळलं होतं. धम्मपालच्या हातचं काहीच नव्हतं. वह्या कधीच रद्दीत गेलेल्या, फोनवर नुसते आवाजाचे निरोप, आणि ते आवाज ऐकायची हिंमत तिच्यात नव्हती. उरली ती ही डबी. कपाटात लुगड्यांच्या घडीखाली ती ठेवलेली असे. रविवारी भांडीकुंडी आटोपली की ती काढायची, पदराने पुसायची, त्या घसरत जाणाऱ्या अक्षरांकडे बघायची आणि परत ठेवायची. गावात चार घरी स्टिकरवाली कार्डं चौकटीत लावलेली होती. तिथे कोणाकडे चहाला गेली तर ती भिंतीकडे बघायचं टाळत असे. स्वतःचंच अक्षर भावाच्या नावाने भिंतीवर बघणं सोपं नसतं.

यंदा गावातल्या तरुण मंडळाने ठरवलं की धम्मपालच्या स्मृतिदिनी सामने भरवायचे आणि विहाराच्या सभागृहात काचेच्या पेटीत त्याचं कार्ड कायमचं ठेवायचं. मंडळाचा अध्यक्ष अमृतराव, माणूस भला, पण सगळं पक्कं करून घेणारा. तो घरी आला, डबी हातात घेतली, पट्टीवरचा चौकोनी ठिपक्यांचा कोड फोनने टिपला. पान उघडलं नाही. पुन्हा टिपला, पुन्हा नाही. मग त्याने कुठे कुठे विचारलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन जरा चाचरतच सांगितलं.

“टीचर, ते कंपनी बंद पडली म्हणते. लोक म्हणून राह्यले का ते पैसे घेऊन कायले बी खरं म्हणे. हे… नकली तर नसंन ना?”

रंजीताने त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अमृतराव चहा अर्धा टाकून गेला. तो गेल्यावर तिने डबी पुन्हा पदराने पुसली. गावातल्या चार घरी तिची अक्षरं मानाने भिंतींवर बसलेली, आणि जे एक खरोखर त्याचं होतं त्यालाच लोक नकली म्हणायला लागले होते. हे तिला सहन होईना. काचेत ठेवायचं तर हेच ठेवायचं, आणि कोणी बोट दाखवणार नाही असं करून ठेवायचं, हे तिने त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं.

चौकशी करता करता तिला करणचा पत्ता लागला. मुधोळचा पोरगा, हैदराबादला राहतो, लोकांची कार्डं गोळा करून परदेशातल्या सगळ्यांत नावाजलेल्या कंपनीकडे पाठवतो. एका कंपनीच्या डबीतलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या डबीत न्यायचं, हा त्याचा रोजचा धंदा. पोरगा बोलायला साधा आणि व्यवहाराला चोख होता.

“मॅडम, दोन रस्ते हायत,” त्याने फोनवर समजावलं. “एक, कार्ड जुन्या डबीसकट पाठवायचं. त्यांना पटलं तर ते डबी फोडून आपल्या डबीत टाकतात, नाही पटलं तर जसंच्या तसं वापस. दुसरा, डबी आपणच फोडायची न कार्ड मोकळं पाठवायचं. मग ते कोऱ्या नजरेनं बघतात. पण जुना दर्जा, जुनी पट्टी, सगळं गेलं समजा.”

“तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“खरं सांगू? त्या कंपनीचं नाव लई खराब झालंय. डबी बघितली का तपासणारा आधीच नाक मुरडतो. मी तर फोडली असती. पण सही पक्की असायला पाहिजे. ते आपल्याजवळच्या नमुन्यांशी लावून बघतात.”

पक्की म्हणजे काय, तिच्या भावाने माणसांसमोर बसून केलेली. याहून पक्की सही जगात असते का? नमुने हा शब्द तिच्या कानावरून गेला. पोरांच्या वह्यांमध्ये कोणी कोणाचं अक्षर उतरवलं हे दारातून ओळखणारी ही बाई, पण त्या दिवशी तिला नमुने म्हणजे धम्मपालची अक्षरं एवढंच सुचलं. जी तिने स्वतः काढली होती ती तिला आठवली नाहीत. आठवली नाहीत असं म्हणण्यापेक्षा ती तिला कधी सही वाटलीच नव्हती. ते तर काम होतं, एका दुपारचं, घरातलं.

“फोडा,” ती म्हणाली. “पण मले दिसू द्या.”

डबी हैदराबादला पोचल्यावर करणने व्हिडिओवर दाखवत पकडीने डबीचा कोपरा दाबला. प्लॅस्टिक कडकन तडकलं. आतली छापील पट्टी, सही आमच्यासमोर झाली आहे म्हणणारी, टेबलावर पडली आणि करणने ती बाजूला सारली. रंजीता एवढंच म्हणाली, “नीट पाठवा.”

मग वाट बघणं आलं. कापूस वेचून झाला, सकाळी धुकं पडायला लागलं. नागनाथ रोज अंगणात उन्हाला बसत आणि विचारत, “धम्मपालचं आलं का?” कधी त्यांना कार्डाबद्दल विचारायचं असे, कधी टेम्पोबद्दल, कधी थेट पोराबद्दलच. रंजीताने वेगवेगळी उत्तरं द्यायचं सोडून दिलं. “येईन, बाबा,” ती म्हणायची. तिन्हीला तेवढंच चालत होतं.

करणचा फोन आला तेव्हा शाळेत जेवणाची सुट्टी होती. पोरं हात धुवायला नळाशी भांडत होती.

“मॅडम, कार्ड मस्त हाय. कार्डाला नऊ गुण देत होते,” करण म्हणाला. “पण सही पास नाही झाली. ते म्हणतात ही त्या खेळाडूची नाही.”

“त्याची नाही म्हंजे?”

“त्यांच्याजवळ त्याच्या सह्यांचे नमुने हायत. कार्डाच्या कंपनीनं पाठवलेले स्टिकर. किती तरी कार्डं त्यांनी आधी तपासून पास केली. त्या सगळ्या सह्या एकाच हातच्या हायत, मॅडम, एकदम साच्यातून काढल्यासारख्या. ‘ध’ला मोठा वळसा, खाली रेघ. ही त्यात बसतच नाही. कोणी तरी घाईत नक्कल केली असं लिहिलंय त्यांनी.”

रंजीता वर्गाच्या पायरीवर बसली. सगळं एका क्षणात समोर आलं: ओसरी, चटई, मुरमुरे, मार्करचा वास. नमुने तिचेच होते. तिच्याच सुंदर अक्षराने भावाचं अक्षर खोटं पाडलं होतं.

“आणि ते नमुनेच चुकीचे असले तर?” तिने विचारलं.

करण हसला. त्याला वाटलं बाई वाद घालते आहे. “मग तर सगळंच गेलं, मॅडम. ज्यांच्या ज्यांच्याजवळ त्याचं कार्ड हाय त्या सगळ्यांचं खोटं ठरते. मग लोक म्हणतात, खेळाडूनं दुसऱ्याकडून सह्या करून घेतल्या न फसवलं. अशा एक-दोघांचं झालंय. त्यांचं नाव निघालं तरी लोक शिव्या घालतात. तुमच्या भावाचं तसं काहीच नाही, सगळं एकदम साफ हाय.”

सांगायला तिच्या ओठावर आलं होतं. मी केल्या, दोनशेच्या दोनशे, त्याच्या हाताला प्लास्टर होतं. एवढं एक वाक्य. पण ते वाक्य बोललं की त्याची एक सही खरी ठरणार आणि तो माणूस खोटा ठरणार. मेलेला माणूस उठून सांगू शकत नाही की आमच्याकडे पात अशीच ओढतात. गावातल्या चार भिंतींवरच्या चौकटी उतरतील, चौकात लोक कुजबुजतील, आणि ज्या पोरींना त्याने कबड्डी शिकवली त्याही ऐकतील. तिने ते वाक्य गिळलं. तिला स्वतःचा राग आला, वडिलांचा आला, मेलेल्या आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त आपल्या त्या हाताचा आला, ज्याचं कौतुक ऐकत ती म्हातारी व्हायला निघाली होती.

“मॅडम, एक करा,” करण तिकडून सुचवत होता. “स्टिकरवालं कार्ड घरी असंन तर तेच पाठवा. ते डोळे झाकून पास होते.”

“नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पण नाही म्हणून भागलं नाही. मोकळं कार्ड साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत परत आलं. आता त्याला नवी डबी नव्हती आणि जुनीही नव्हती. सही आमच्यासमोर झाली म्हणणारं तर कोणीच नव्हतं. सुताराने पेटी करून दिली होती. अमृतराव दोनदा येऊन दारातूनच, जीव मुठीत धरून, “टीचर, झालं का?” विचारून गेला. पेटी रिकामी ठेवली तर लोक रिकाम्या पेटीचंही काहीतरी बोलणार. शेवटी एका सकाळी शाळेत जायच्या आधी तिने ट्रंक उघडली, कंपनीने तेव्हा भेट दिलेलं स्टिकरवालं एक कार्ड काढलं, आणि बेल्याला जाऊन हैदराबादच्या पत्त्यावर पाठवून दिलं. दुसऱ्याने टाकून दिलेलं उष्टं कोणी गुपचूप खावं तशी तिला लाज वाटली. कोणाची, ते तिला सांगता आलं नसतं.

ते पास झालं. नुसतं पास नाही, सहीला दहापैकी दहा. जाड, जड, काचेसारख्या स्वच्छ डबीत ते परत आलं. वर छापलेलं, अस्सल. अमृतरावाने कोड टिपला आणि यावेळी पान लगेच उघडलं. त्याच्या जिवात जीव आला.

स्मृतिदिनाला विहारात वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, काचेच्या पेटीवरचं निळं कापड निघालं. बाया, पोरं, म्हातारे रांगेने येऊन बघत होते. नागनाथांना दोघांनी धरून आणलं. त्यांनी काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं आणि हात जोडले. मागून कोणी बाई म्हणाली, “काय बाई अक्षर! शोभते टीचरचा भाऊ.” रंजीता भिंतीला टेकून उभी होती. लोक तिच्यापाशी येऊन जय भीम करत, डोळे पुसत, तुमच्या भावाने गावाचं नाव काढलं म्हणत होते. ती प्रत्येकाला मान डोलवत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. नागनाथ अंगणात बाजेवर उन्हाला बसले होते. आदल्या दिवशीच्या गर्दीने त्यांना तरतरी आली होती. कोण आलं होतं, कोण नव्हतं, बरंचसं बरोबर सांगत होते. रंजीताला वाटलं, आज त्यांचं डोकं जाग्यावर आहे. त्या दुपारच्या चौघांपैकी आता ती आणि हे, दोघंच उरले होते. एका माणसाने जरी हो म्हटलं तरी तिला पुरलं असतं. तिने आतून मोकळं कार्ड आणलं आणि त्यांच्या हातात दिलं.

“बाबा, हे पाह्यता का?”

नागनाथांनी चष्मा पुसला. कार्ड उन्हात तिरकं धरलं, जवळ आणलं, लांब नेलं. कचेरीतली सवय हाताला अजून होती.

“कोणाचं दस्तखत हाय हे?”

“धम्मपालचं.”

“हट्!” ते म्हणाले. “जिंदगी गेली माही दस्तखतं पाह्यता पाह्यता. हे त्याचं नाही. त्याचं तर काल पाह्यलं ना आपुन.” आणि त्यांनी गुडघ्यावर बोटाने काढून दाखवलं. ‘ध’चा मोठा वळसा, आणि ‘ल’चं शेपूट खाली ओढून लांब रेघ. अगदी बरोबर काढलं. “असं असते त्याचं.”

“बाबा, आठवा ना. त्याच्या हाताले प्लास्टर होतं. आपुन ओसरीवर बसलो होतो, आई चुलीपाशी होती, तुमी बी कागदावर चार केल्या…”

“प्लास्टर? त्याच्या हाताले काऊन प्लास्टर राहीन?” नागनाथ कार्ड परत तिच्या हातात देऊन, लहान पोराला समजवावं तसे म्हणाले, “हे कोण्या पोट्ट्यानं नक्कल केली, रंजी. तुले कोणी फसवलं.”

कार्ड पदराखाली धरून रंजीता बाजेच्या कडेला बसली आणि भाऊ गेला तेव्हा रडली नव्हती तशी हुंदके देऊन रडायला लागली. नागनाथांना पोरीची कीव आली. त्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला.

“रडू नको,” ते म्हणाले. “हे गेलं तर जाऊ दे. खरं हाय ना आपल्याजवळ, तिकडं काचेत.”